क्वेसारच्या वर्णपटांची वर्गवारी करताय? या चुका टाळा

पुण्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टचा हंगाम आला की कुणीतरी क्वेसारचे, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांचे, वर्णपट लॅपटॉपवर घेऊन येतंच. "सर, पीसीए चालवलं, पण गटच पडत नाहीत." (पीसीए म्हणजे वर्णपटांमधले मुख्य फरक थोड्या घटकांत मांडणारी गणिती पद्धत.) चहा येईपर्यंत मी एकच विचारतो: ताम्रसृती, म्हणजे रेषांचं लाल बाजूला सरकणं, काढून टाकली होतीस का? निम्म्या वेळा उत्तर तिथंच मिळतं.

३सी २७३ या क्वेसारचं उदाहरण घ्या. १९६३ साली मार्टिन श्मिट यांना त्याच्या वर्णपटातल्या अनोळखी रेषा हायड्रोजनच्याच आहेत हे उमगलं. ४८६१ अँगस्ट्रॉमची (हे तरंगलांबीचं एकक) एच-बीटा रेषा ५६३० च्या आसपास सरकली होती, म्हणजे ताम्रसृती ०.१५८. असे पट न सरकवता पीसीएला दिले, तर तो क्वेसारचे प्रकार बाजूला ठेवून त्यांची ताम्रसृतीच शिकतो.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे चुकीची ताम्रसृती. ५६०० ला एकच रुंद रेषा दिसतेय. ती मॅग्नेशियमची २७९८ असेल तर ताम्रसृती १, एच-बीटा असेल तर ०.१५, कार्बनची १५४९ (सी-फोर) असेल तर २.६. मग सोबतीण, म्हणजे त्याच ताम्रसृतीची दुसरी रेषा, शोधा. २.६ असेल तर हायड्रोजनची लायमन-अल्फा ४४०० जवळ हवी, ०.१५ असेल तर ऑक्सिजनची ५००७ वाली रेषा ५७७० जवळ, अगदी शेजारी. सोबतीण सापडली नाही तर तो पट बाजूला ठेवा, ओढूनताणून बसवू नका.

आणि ५५७७ ला टोकदार सुळका दिसला तर हुरळू नका. ते आपल्याच आकाशातल्या ऑक्सिजनचं उरलंसुरलं तेज.

जिथं डेटा नाही तिथं शून्य भरणं ही आळशी सवय. पीसीएला ते शून्य खरं वाटतं आणि पहिल्या काही घटकांत नुसत्या पटांच्या कडा उमटतात. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या फाइलीत प्रत्येक बिंदूचं वजन दिलेलं असतं; वजन शून्य असेल तर तो बिंदू झाका. प्रखरता समपातळीवर आणायलाही विसरू नका, नाहीतर पहिला घटक म्हणजे 'कोण जास्त तेजस्वी' एवढंच.

शेवटी अचूकता. हजारांत शंभरच रुंद-शोषण क्वेसार (ज्यांच्या वर्णपटात रुंद खळगे दिसतात असे) असतील, तर सगळ्यांना 'साधे' म्हणणारा आळशी प्रोग्रामही ९० टक्के मिळवतो! त्या शंभरांतले किती पकडले ते वेगळं मोजा, आणि निसटलेल्यांचे आलेख छापून डोळ्यांनी बघा. दुपार जाते, पण सी-फोरच्या निळ्या बाजूचा खळगा प्रोग्रामने का चुकवला ते तिथंच कळतं.