गोल्फच्या मैदानावर माजलेली झुडपे शेळ्यांकडून कशी काढून घ्यावीत

गोल्फच्या मैदानाचा पैसा आणि मनुष्यबळ ग्रीन (होलाभोवतीची अगदी आखूड कापलेली हिरवळ) व फेअरवे (ग्रीनकडे नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा) राखण्यात खर्ची पडते. मैदानाच्या कडा, तीव्र उतार, ओढ्यांचे काठ आणि दोन होलांमधले रानपट्टे मात्र वर्षानुवर्षे तसेच राहतात. अमेरिकेत अशा जागी ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या, इंग्लिश आयव्हीच्या वेली, पॉयझन आयव्ही, मल्टिफ्लोरा जातीचा रानगुलाब आणि आग्नेयेकडील राज्यांत कुडझू नावाची झपाट्याने पसरणारी वेल इतके माजतात की तेथे माणसाला शिरता येत नाही, आणि यंत्र नेले तर ते उतारावर उलटण्याची धास्ती असते. अशा जागी शेळ्यांचा कळप भाड्याने आणून झुडपे खाऊ घालणे ही तेथे आता रुळलेली पद्धत आहे. मात्र काम साधते की बिघडते हे शेळ्यांपेक्षा आधीच्या तयारीवर ठरते, म्हणून या मार्गदर्शनात तयारीलाच सर्वाधिक जागा दिली आहे.

पहिला प्रश्न जागेचा. शेळी ही मुळात पाला खाणारी आहे आणि मेंढी गवत खाणारी. हा फरक ज्याने लक्षात घेतला नाही, त्याचा पैसा वाया जातो. स्कॉटलंडमधील ब्रोरा किंवा इंग्लंडमधील वेस्टवर्ड हो येथील जुन्या समुद्रकाठच्या मैदानांवर मेंढ्या चरताना दिसतात, कारण तेथे गवत आखूड राखायचे असते. शेळीला तेच काम सांगितले, तर ती गवत तसेच ठेवून शेजारच्या झाडाच्या फांदीकडे वळते. पण काटे, वेली, झुडपांचे कोवळे शेंडे आणि रुंद पानांचे तण ती आवडीने खाते. मागच्या पायांवर उभी राहून पाच-सहा फुटांपर्यंतचा पाला ओढते. आणि ज्या पॉयझन आयव्हीच्या नुसत्या स्पर्शाने माणसाच्या अंगावर फोड येतात, तीही तिला बाधत नाही. म्हणून खेळाबाहेरचे, चढउताराचे आणि काटेरी पट्टे शेळ्यांना द्यावेत. ग्रीन, टी (पहिला फटका मारण्याची जागा) आणि फेअरवे यांच्या जवळपासही त्यांना येऊ देऊ नये. तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेल्या ग्रीनवर ओल्या मातीत एका रात्रीत उमटलेले खूर दुरुस्त करण्यास आठवडे जातात.

पद्धतीची उपयुक्तता गोल्फपुरती मर्यादित नाही. गूगल कंपनीने २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील आपल्या मुख्यालयाच्या आवारात सुमारे दोनशे शेळ्या आणल्या होत्या. त्याच राज्यातील सिमी व्हॅली येथील, माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या स्मारक ग्रंथालयाने मे २०१९ मध्ये सुमारे पाचशे शेळ्यांकडून भोवतीच्या टेकडीवरील वाळणारी झुडपे खाऊन घेतली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वणवा ग्रंथालयाच्या दारापर्यंत आला तेव्हा मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्याने अग्निशमन दलाला उसंत मिळवून दिली. कॅलिफोर्नियातील अनेक गोल्फ मैदाने अशाच वाळक्या टेकड्यांना लागून आहेत, त्यामुळे ती मैदाने चालवणाऱ्या समित्यांनी हे काम शोभेचे न मानता आगीपासूनच्या बचावाचे मानावे.

कळप ठरवण्यापूर्वी संपूर्ण पट्टा पायी फिरून वनस्पतींची यादी करावी आणि यादीत विषारी झाडे आधी शोधावीत. हा या कामातला सर्वांत गंभीर भाग आहे, कारण गोल्फ मैदानांवर शोभेची झाडे भरपूर लावलेली असतात आणि त्यांतली कित्येक शेळीसाठी प्राणघातक ठरतात. अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन यांच्या पानांनी शेळी लाळ गाळू लागते, ओकते आणि मरूही शकते. यू नावाच्या सदाहरित कुंपणझाडाचा थोडासा पालाही पुरे होतो. कण्हेर तर आपल्याकडेही गुरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावतात, पण भुकेला कळप नेहमीच तसा शहाणपणा दाखवतो असे नाही. रानचेरीची फांदी वादळात मोडून पडली असेल, तर तिची सुकत चाललेली पाने ताज्या पानांपेक्षा जास्त घातक असतात, कारण कोमेजताना त्यांत सायनाइड तयार होते. म्हणून वादळानंतर कळप आत असेल तर पडलेल्या फांद्या आधी उचलाव्यात. धोका दोन्ही बाजूंनी आहे, हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल हे नामांकित गोल्फ मैदान बंद असताना तेथे गुरे चरायला सोडली होती आणि त्यांनी मैदानाची शान असलेल्या अझेलिया व कॅमेलिया यांचीच नासधूस केली. जनावराला झुडूप आणि शोभेचे झाड यांतला फरक कळत नाही. तो कुंपणाने दाखवावा लागतो.

त्याच वेळी औषधफवारणीची नोंदवही उघडावी. गोल्फच्या गवतावर वापरल्या जाणाऱ्या अनेक बुरशीनाशकांच्या, कीटकनाशकांच्या आणि तणनाशकांच्या डब्यांवरच, फवारलेल्या जागी जनावरे चारू नयेत, असे स्पष्ट छापलेले असते. ज्या पट्ट्यात शेळ्या जाणार, तेथे आणि वाऱ्याने फवारा उडून जाईल अशा त्याच्या शेजारच्या भागात गेल्या काही महिन्यांत काय आणि केव्हा मारले गेले, याची तारीखवार यादी कळपाच्या मालकाला लेखी द्यावी आणि शंका असेल तर तो पट्टा सोडून द्यावा. मैदानावरील तळ्यांत शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकण्याची पद्धत आहे, त्यामुळे शेळ्यांना तळ्याचे पाणी पाजू नये. टाकीतून स्वच्छ पाणी द्यावे. उन्हाळ्यात पाला कोरडा असेल तर एका मोठ्या शेळीला दिवसाला आठ-दहा लिटर पाणी लागू शकते, तेव्हा टँकर कोणत्या वाटेने जाणार हे आधीच पाहून ठेवावे.

आता कुंपण. या कामासाठी विजेच्या तारा विणलेली, खुंट्यांसकट उचलून नेता येणारी जाळी वापरतात. धनगराच्या वाड्याभोवतीची वाघर ज्याने पाहिली आहे, त्याला तिची कल्पना लगेच येईल, फरक इतकाच की हिच्यात सौरऊर्जेवरील यंत्रातून विजेचे झटके सोडलेले असतात. जाळी टाकण्यापूर्वी तिच्या रेषेवरील झुडपे साधारण एक मीटर रुंदीत कापून काढावीत, कारण ओला पाला जाळीला टेकला की वीज जमिनीत उतरते आणि दुसऱ्या टोकाला काहीच उरत नाही. व्होल्टमापकाने मोजणी यंत्राजवळ न करता जाळीच्या अगदी शेवटच्या टोकाला करावी, आणि तेथे चार हजार व्होल्टपेक्षा कमी आढळले तर दोष सापडेपर्यंत कळप आत घेऊ नये. कोरड्या, मुरमाड जमिनीत अर्थिंगची सळई नीट काम देत नाही. तिच्या बुडाशी रोज बादलीभर पाणी ओतावे. गोल्फ मैदानात यात एक खास अडचण येते: रात्री आपोआप सुरू होणारे तुषार जाळी आणि गवत भिजवतात आणि नेमके अंधारात, कोणी जवळ नसताना, कुंपण निकामी होते. म्हणून कळपाजवळचे तुषार बंद ठेवावेत, आणि उघड्यावर असलेल्या नियंत्रणपेट्या, केबली व झाडांना ताण देणाऱ्या दोऱ्या झाकाव्यात, कारण शेळी त्या चावून पाहिल्याशिवाय राहत नाही. शिंगे असलेली शेळी जाळीत अडकू शकते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ पूर्ण कुंपणाला फेरी मारणे टाळता येत नाही. कोयोटी (लांडग्याच्या जातीतले लहान रानटी जनावर) किंवा मोकाट कुत्री असलेल्या भागात कळपाबरोबर ग्रेट पिरेनीज किंवा अनातोलियन जातीचा राखणदार कुत्रा असावा. हे काम उंटावरून शेळ्या हाकून होणारे नाही. कळपाजवळ जाणता माणूस हवाच. कॅलिफोर्नियात तसे राखणदार बहुतेक पेरू देशातून शेतमजुरीच्या व्हिसावर आलेले असतात, आणि जनावराच्या चालीवरून दुखणे ओळखण्याची त्यांची नजर ही कराराची खरी किंमत असते.

एका ठिकाणी मात्र शेळ्या अजिबात नेऊ नयेत. दक्षिण कॅलिफोर्नियातील ला क्विंटासारख्या भागात डोंगरातली रानमेंढरे हिरवळीच्या ओढीने गोल्फ मैदानांवर उतरतात. ही मेंढरे १९९८ पासून अमेरिकी संघराज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहेत आणि पाळीव शेळ्या-मेंढ्यांकडून लागणाऱ्या जंतूंमुळे त्यांच्यात न्यूमोनियाची साथ पसरते. तेथे यंत्र आणि माणसे हाच मार्ग आहे.

कळप किती मोठा असावा, हे पट्ट्याच्या आकारापेक्षा वेळेवर ठरते. पन्नास किलोची शेळी दिवसाला साधारण दीड ते दोन किलो कोरड्या वजनाचा पाला खाते. थोड्या शेळ्या मोठ्या जागेत सोडल्या, तर त्या आवडीचे खाऊन नावडते मागे ठेवतात आणि नावडतेच पुढच्या वर्षी दुप्पट वाढते. म्हणून जागेचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात दाट कळप थोडे दिवस ठेवावा. तुकडा बदलण्याची वेळ ओळखण्यासाठी झाडांच्या खोडाजवळ बसून साल पाहावी. शेळीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ती खालच्या दातांनी साल खालून वर खरवडते आणि खोडावर बोटभर रुंदीच्या, उभ्या, ओलसर खुणा उमटतात. तशी पहिली खूण दिसली की पाला संपला असे समजावे आणि त्याच दिवशी कळप हलवावा. साल खोडाभोवती पूर्ण निघाली तर झाड मरते. राखायच्या झाडांना आधीच तारेची जाळी गुंडाळलेली असेल, तर ही चिंता बरीच कमी होते.

पहिली फेरी वसंतात, कोवळे फुटवे आल्यावर आणि फुले धरण्याआधी घ्यावी. त्यापूर्वी पट्ट्यात पक्ष्यांची घरटी आहेत का हे पाहावे, कारण बहुतेक स्थलांतरी पक्ष्यांना अमेरिकेच्या १९१८ च्या कायद्याचे संरक्षण आहे. एका फेरीत झुडपाचा फक्त पाला जातो, मुळात साठवलेले अन्न तसेच राहते आणि सहा-आठ आठवड्यांत झुडूप पुन्हा फुटते. दुसरी फेरी नेमकी तेव्हा घ्यावी, म्हणजे मुळाने खर्च केलेले अन्न त्याला परत मिळत नाही. हंगामात दोन-तीन फेऱ्या आणि सलग दोन-तीन वर्षे, हा या कामाचा खरा कालावधी आहे. एकदाच शेळ्या आणून छायाचित्रे काढणाऱ्या आणि पुढच्या वर्षी झुडपे पुन्हा माजली म्हणून पद्धतीलाच दोष देणाऱ्या समित्यांनी मुळात पद्धत वापरलेलीच नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेळ चालू ठेवायचा असेल तर नियमांची तजवीज करावी. कुंपणाच्या आतली जागा समितीने दुरुस्तीखालील जमीन आणि खेळण्यास मनाई असलेला भाग म्हणून जाहीर करावी, म्हणजे तेथे गेलेल्या चेंडूसाठी खेळाडूला दंडाशिवाय बाहेर चेंडू ठेवता येतो आणि कोणी जाळी ओलांडत नाही. शेळीने चेंडू हलवला तर तो दंडाशिवाय मूळ जागी ठेवायचा असतो, आणि लेंड्या सुटा अडथळा म्हणून बाजूला सारता येतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यांचे चेंडू बहुधा उजवीकडे वळतात, त्यामुळे फेअरवेच्या उजव्या कडेचे तुकडे गर्दीच्या शनिवार-रविवारी रिकामे ठेवावेत. वेगाने आलेला चेंडू शेळीचा डोळा किंवा पाय निकामी करू शकतो. मुलांना शेळ्यांना हात लावू देऊ नये, कारण पॉयझन आयव्हीचे तेल त्यांच्या केसांना चिकटलेले असते आणि तेथून माणसाच्या कातडीवर येते.

करारात विम्याचा दाखला, कळप सुटला तर जबाबदारी कोणाची, जनावर आजारी पडल्यास पशुवैद्याचा खर्च कोणी द्यायचा, आणि पाणी कोणी पुरवायचे, या बाबी नावानिशी लिहून घ्याव्यात. आपल्याकडे शेतात मेंढरे बसवताना शेतकरी आणि धनगर रात्रींचा हिशेब व धान्याचा वाटा आधीच ठरवतात, तोच काटेकोरपणा येथेही हवा. आत घेण्यापूर्वी तीन-चार दिवस कळप स्वच्छ चाऱ्यावर ठेवला गेला होता का, हेही विचारावे, नाहीतर मागच्या जागेच्या तणांचे बी लेंड्यांतून तुमच्या मैदानात येते.

कळप गेल्यावर उरलेले काटेरी दांडके हाताने कापावेत आणि उघड्या पडलेल्या जमिनीत, खुरांच्या खुणा ताज्या असतानाच, त्या प्रदेशातील स्थानिक गवताचे बी टाकावे. हा टप्पा चुकला तर त्या जागी काटेरी तण येतेच. प्रत्येक तुकड्याचे छायाचित्र दरवर्षी एकाच ठिकाणी उभे राहून घ्यावे आणि फुटवे कितपत घटले त्यानुसार पुढच्या हंगामातील शेळ्यांची संख्या कमी करावी. चांगल्या कळपांच्या वसंतातील तारखा लवकर भरतात, म्हणून ही संख्या हिवाळ्यातच ठरवून मालकाला कळवावी.