स्वतः लिहिलेल्या डीमनसाठी एसईलिनक्सचे धोरण कसे तयार करावे

पुणे परिसरात गुरुवार हा वीजदुरुस्तीचा वार म्हणून ओळखला जातो, आणि ज्यांच्याकडे सर्व्हर सांभाळण्याचे काम असते त्यांना तो आणखी एका कारणाने लक्षात राहतो. आठवडाभर बिनतक्रार चाललेली एखादी सर्व्हिस गुरुवारी वीज परत आल्यावर उठत नाही. भोसरीतील एका कारखान्यात मी हे प्रत्यक्ष पाहिले. भट्ट्यांवरील उपकरणांकडून टीसीपीवर येणारी तापमानाची मोजमापे घेऊन ती फाइलमध्ये लिहिणारा एक छोटा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीवर सतत चालणारा प्रोग्राम, तेथे होता. आपण त्याला येथे 'नोंदडी' म्हणू. वीज आली, सर्व्हर सुरू झाला, पण सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीने 203 हा एक्झेक त्रुटीचा क्रमांक दाखवून नोंदडी चालवण्यास नकार दिला. चौकशीअंती कळले ते असे की, पूर्वी हीच अडचण आली तेव्हा कोणीतरी 'सेटएनफोर्स 0' ही आज्ञा देऊन एसईलिनक्सची (कोणता प्रोग्राम कशाला हात लावू शकतो हे धोरणानुसार ठरवणाऱ्या लिनक्सच्या सुरक्षाव्यवस्थेची) सक्ती उठवली आणि विषय मिटवला होता. ही आज्ञा यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते. त्यानंतर /ईटीसी/एसईलिनक्स/कॉन्फिग या फाइलमध्ये जे लिहिले असेल तेच लागू होते.

मूळ कारण अगदी साधे होते. प्रोग्राम एका कर्मचाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये तयार झाला आणि तेथून 'एमव्ही' आज्ञेने /यूएसआर/लोकल/बिन मध्ये हलवला गेला. 'एमव्ही'ने हलवलेली फाइल आपले जुने लेबल, म्हणजे एसईलिनक्सने तिला दिलेली ओळखचिठ्ठी, सोबत घेऊन जाते, तर 'सीपी'ने केलेली नवी प्रत सामान्यतः नव्या जागेचे लेबल घेते. त्यामुळे नोंदडीवर यूझर_होम_टी हे लेबल कायम राहिले, आणि होम फोल्डरमधील लेबल असलेली फाइल सिस्टमडीने सर्व्हिस म्हणून चालवणे धोरणाला मान्य नाही. जागेनुसार ठरलेले लेबल परत लावणारी 'रिस्टोरकॉन -व्ही' ही एकच आज्ञा त्या फाइलवर दिली आणि डीमन चालू झाला. दोष लेबलाचा असताना वर्षभर एसईलिनक्सला बोल लावला गेला. नाचता येईना अंगण वाकडे, त्यातलाच हा प्रकार.

मात्र डीमन चालू झाला म्हणून काम संपत नाही. 'पीएस -ईझेड' ही आज्ञा दिल्यास नोंदडीसमोर सिस्टम_यू:सिस्टम_आर:अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी:एस0 असे चार भागांचे लेबल दिसते. त्यातील वापरकर्ता, भूमिका, प्रकार आणि पातळी यांपैकी रोजच्या कामात महत्त्वाचा असतो तो तिसरा भाग, म्हणजे प्रकार. अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी याचा अर्थ असा की या डीमनसाठी स्वतंत्र धोरणच अस्तित्वात नाही आणि एसईलिनक्स चालू असूनही त्याला जवळजवळ सर्व मोकळीक आहे. बाहेरून आलेला मजकूर वाचणारा डीमन या अवस्थेत ठेवणे मला धोक्याचे वाटते, विशेषतः तो रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालत असेल तर. म्हणून त्याला स्वतःचे डोमेन, म्हणजे स्वतंत्र प्रकार आणि त्याचे नियम, द्यावे.

पुढील विवेचन रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, अल्मा, रॉकी आणि फेडोरा यांना लागू आहे. आज्ञा आणि नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत. सुरुवातीला पॉलिसीकोअरयूटिल्स-डेव्हेल, पॉलिसीकोअरयूटिल्स-पायथन-यूटिल्स आणि आरपीएम-बिल्ड ही पॅकेजे बसवून घ्यावीत, आणि 'गेटएनफोर्स' दिल्यावर 'एनफोर्सिंग' (सक्ती चालू) असे उत्तर येते याची खात्री करावी. एसईलिनक्स दीर्घकाळ पूर्ण बंद ठेवलेले असेल तर थेट एनफोर्सिंगवर जाऊ नये. त्या काळात तयार झालेल्या फाइलींवर लेबलेच नसतात. म्हणून आधी परमिसिव्ह (न अडवता फक्त नोंद ठेवणारी) स्थिती ठेवून 'फिक्सफाइल्स ऑनबूट' ही आज्ञा द्यावी, यंत्र पुन्हा सुरू करावे, आणि सर्व फाइलींना लेबले लागली की मगच पुढे जावे.

आता एका रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन धोरणाचा सांगाडा तयार करावा:

सेपॉलिसी जनरेट --इनिट -डब्ल्यू /व्हार/लिब/नोंदडी /व्हार/लॉग/नोंदडी -- /यूएसआर/लोकल/बिन/नोंदडी

या आज्ञेने पाच फाइली तयार होतात, त्यांपैकी तिघींशी आपला खरा संबंध येतो. टीई फाइलमध्ये नियम असतात, एफसी फाइलमध्ये कोणत्या मार्गाला कोणते लेबल हे लिहिलेले असते, आणि एसएच ही स्क्रिप्ट धोरण बांधून बसवते व लेबलेही लावते. एफसी फाइल डोळ्यांखालून घालावी: प्रोग्रामला नोंदडी_एक्झेक_टी, माहितीच्या फोल्डरला नोंदडी_व्हार_लिब_टी आणि लॉगच्या फोल्डरला नोंदडी_लॉग_टी असे प्रकार तेथे नेमलेले असावेत. लॉगचा प्रकार 'लॉगिंग_लॉग_फाइल' या इंटरफेसने (धोरणातील तयार नियमसंचाने) घोषित झालेला आहे ना, हे टीई फाइलमध्ये पाहून घ्यावे, कारण त्यावाचून लॉगरोटेट (लॉगच्या जुन्या फाइली बाजूला सारणारा प्रोग्राम) त्या फाइलींना हात लावू शकत नाही आणि हा दोष पहिल्या फेरपालटापर्यंत लपून राहतो. लेबल बदलण्यासाठी 'सीएचकॉन' वापरण्याचा मोह टाळावा. त्याने केलेला बदल पुढच्या रिस्टोरकॉनमध्ये पुसला जातो. कायम टिकणारा बदल एफसी फाइलमध्ये किंवा 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'नेच करावा.

स्क्रिप्ट चालवून झाल्यावर सर्व्हिस सिस्टमडीमार्फत पुन्हा सुरू करावी आणि 'पीएस -ईझेड'मध्ये नोंदडी_टी दिसते का ते पाहावे. प्रोग्राम हाताने, रूटच्या शेलमधून चालवून चाचणी घेऊ नये. तसे केल्यास तो सामान्यतः शेलच्याच अनकन्फाइन्ड_टी मध्ये राहतो आणि त्या चाचणीवरून काहीच सिद्ध होत नाही. अद्याप जुनाच प्रकार दिसत असेल तर प्रोग्रामवरचे लेबल 'एलएस -झेड'ने तपासावे. लेबल बरोबर असूनही प्रक्रिया सिस्टमडीच्या इनिट_टी मध्येच अडकलेली दिसली, तर सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये 'नोन्यूप्रिव्हिलेजेस' (प्रोग्रामला नवे अधिकार मिळू न देणारे बंधन) चालू आहे का ते पाहावे. हे बंधन असताना डोमेन बदलण्यासाठी 'एनएनपी_ट्रान्झिशन' ही वेगळी परवानगी लागते; ती नसेल तर कर्नल प्रोग्राम न अडवता प्रक्रियेला जुन्याच डोमेनमध्ये ठेवतो. यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. अशा वेळी युनिट फाइलमधील बंधन काढून टाकण्यापेक्षा धोरणात ती परवानगी जोडणे अधिक चांगले.

सेपॉलिसीने केलेल्या टीई फाइलमध्ये 'परमिसिव्ह नोंदडी_टी' अशी एक ओळ असते. संपूर्ण यंत्राची सक्ती कायम ठेवून फक्त या एका डोमेनला सध्या अडवायचे नाही, केवळ नोंद ठेवायची, असा तिचा अर्थ आहे. सेटएनफोर्स 0 देणाऱ्याला खरे तर हेच हवे होते. ही अवस्था निदान एक पूर्ण आठवडा राहू द्यावी, म्हणजे रात्रीचा लॉगरोटेट, रविवारचा बॅकअप आणि गुरुवारचे बंद-चालू असे सर्व प्रसंग तीत येतील. महिनाअखेरीस एखादा वेगळा अहवाल निघत असेल तर तो मुद्दाम एकदा काढून पाहावा.

नकारांच्या नोंदी पाहण्यासाठी 'ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस टुडे' ही आज्ञा आहे. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी वाचाव्यात: महिरपी कंसात मागितलेली परवानगी, मागणाऱ्याचे लेबल, ज्यावर मागितली त्याचे लेबल, वस्तूचा वर्ग, आणि शेवटी परमिसिव्ह हा आकडा, जो 1 असेल तर कृती प्रत्यक्षात होऊ दिली गेली. परमिसिव्ह अवस्थेत तोच नकार पुन्हा पुन्हा नोंदला जात नाही, त्यामुळे नोंदींच्या संख्येवरून महत्त्व ठरवू नये. तसेच नेहमीच्या मालकी-परवानग्या आधी तपासल्या जातात. तेथेच प्रवेश नाकारला गेला तर एसईलिनक्सपर्यंत गोष्ट सहसा पोहोचतच नाही आणि ऑडिट लॉग रिकामा राहतो.

येथून पुढचा भाग घाईने करू नये. नोंदींवरून नियम तयार करणाऱ्या 'ऑडिट2अलाऊ'ला सर्व नोंदी देऊन निघालेले नियम जसेच्या तसे बसवणे म्हणजे पाहुण्याने ज्या ज्या दाराची कडी वाजवली त्या त्या खोलीची किल्ली त्याला देणे होय. प्रत्येक नोंदीवर मी ठरावीक क्रमाने विचार करतो. आधी समोरच्या वस्तूचे लेबल योग्य आहे का हे पाहावे. लक्ष्य यूझर_होम_टी किंवा डीफॉल्ट_टी असेल तर बहुधा लेबलच चुकलेले असते आणि नियमाची गरज नसते. त्यानंतर या कामासाठी एखादे बुलियन (धोरणातील चालू-बंद करण्याची कळ) उपलब्ध आहे का ते पाहावे. तयार धोरण असलेल्या सेवांमध्ये ते बरेचदा असते. उदाहरणार्थ, वेब सर्व्हरला बाहेर जोडणी करू देण्यासाठी 'सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट ऑन' एवढेच पुरते, आणि त्यातील -पी (मोठे अक्षर) विसरल्यास हा बदलही पुढच्या गुरुवारी नाहीसा होतो. ही दोन्ही उत्तरे लागू नसतील तेव्हाच नवा नियम लिहावा.

'डॅक_ओव्हरराइड' अशी परवानगी मागितलेली दिसली तर विशेष थांबावे. रूट म्हणून चालणारा डीमन ज्या फाइलवर त्याचा साधा हक्क नाही ती रूटच्या जोरावर उघडू पाहत आहे, असा त्याचा अर्थ असतो. भोसरीच्या यंत्रावर माहितीचे फोल्डर एका कर्मचाऱ्याच्या मालकीचे निघाले. मालकी सुधारून डीमन स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावाने चालवल्यावर ती मागणी पुन्हा आली नाही. नियम लिहिला असता तर तीच चूक धोरणात कायमची कोरली गेली असती.

पोर्टचे तसेच. नोंदडी 9123 वर ऐकत असेल, तर हा आकडा आधीच कोणाच्या नावे आहे का हे 'सेमॅनेज पोर्ट -एल'मध्ये पाहावे. डीमनला सर्व अनारक्षित पोर्टांवर बसू देण्यापेक्षा टीई फाइलमध्ये नोंदडी_पोर्ट_टी हा प्रकार 'कोरनेट_पोर्ट' इंटरफेसने घोषित करावा, त्यावर फक्त 'नेम_बाइंड'ची परवानगी द्यावी, धोरण पुन्हा बसवावे आणि मग आकडा त्या प्रकाराला जोडावा:

सेमॅनेज पोर्ट -ए -टी नोंदडी_पोर्ट_टी -पी टीसीपी 9123

काही नकार 'डोन्टऑडिट' नियमांमुळे लॉगमध्ये येतच नाहीत. डीमन अडखळतो पण नोंद सापडत नाही, असे झाल्यास 'सेमॉड्यूल -डीबी' (दोन्ही मोठी अक्षरे) देऊन ते नियम तात्पुरते उठवावेत आणि शोध संपताच 'सेमॉड्यूल -बी' (मोठे अक्षर) देऊन पूर्ववत करावेत, अन्यथा लॉग निरुपयोगी नोंदींनी भरून जाईल.

आठवड्यानंतर नव्या नोंदी येणे थांबले की टीई फाइलमधील परमिसिव्हची ओळ काढावी, मॉड्यूलचा आवृत्तिक्रमांक वाढवावा आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवावी. 'सेमॅनेज परमिसिव्ह -एल'च्या यादीत नोंदडी_टी उरता कामा नये. त्यानंतर बुधवारी, कोणी जागेवर असताना, यंत्र स्वतः बंद करून चालू करावे. सर्व्हिस उठली की एक उलटी परीक्षाही घ्यावी: डीमनच्या सेटिंगमध्ये लॉगचा मार्ग थोडा वेळ /होम खालच्या एखाद्या फोल्डरकडे वळवावा, तेथे साध्या परवानगीने लिहिता येईल अशी मालकी मुद्दाम द्यावी, आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करावी. तिला लिहिता येऊ नये, आणि ऑसर्चमध्ये शेवटी परमिसिव्ह=0 असलेली नोंद दिसावी. ती दिसली की मार्ग पूर्ववत करून सर्व्हिस सुरू करावी, आणि टीई, एफसी व स्क्रिप्ट या तिन्ही फाइली डीमनच्या मूळ कोडसोबतच जपून ठेवाव्यात.