आईबाबांचं ग्रीन कार्ड: फॉर्म उघडण्याआधीची तयारी

नागरिकत्वाची शपथ झाली, अमेरिकन पासपोर्ट घरी आला, की लगेच विषय निघतो: आता आईबाबांचं ग्रीन कार्ड करून टाकू. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पैसे कार्डाने जातात, त्यामुळे आधी अर्ज आणि मग विचार असं पुष्कळ घरांत होतं. माझ्या यादीत सगळ्यात वर कागद नाही, एक प्रश्न आहे. पुढच्या भारतवारीत, त्यांच्याच घरी बसून, जमलं तर दोघांना वेगवेगळं विचारा: तुम्हाला अमेरिकेत येऊन राहायचं आहे का? नातवंडांना भेटायला येणं वेगळं. त्याला पर्यटक व्हिसा पुरतो. तो बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि दर खेपेला साधारण सहा महिने राहू देतात. ग्रीन कार्ड हे इथे घर करणाऱ्यांसाठी आहे. आठ महिने पुण्यात आणि चार महिने न्यू जर्सीत असाच बेत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी एक ना एक दिवस विचारणारच, की आजी, तुमचं घर नक्की कुठे?

“भरून तर ठेवू, नंतर बघू,” हे बिनधोक वाटतं, पण नाही. पर्यटक व्हिसाच्या फॉर्ममध्ये थेट विचारतात की तुमच्यासाठी कुणी कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे का. उत्तर खरं तेच द्यायचं असतं, आणि ते ‘हो’ असलं की पर्यटक व्हिसा मिळणं किंवा नवा करून घेणं अवघड होऊ शकतं. म्हणजे ग्रीन कार्डही हातात नाही आणि येणंही थांबलं, अशी वेळ येते. आईला यायचं आहे आणि बाबांना नाही, असं असेल तर तसं करता येतं. प्रत्येकाचा अर्ज वेगळाच असतो.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. आईवडिलांसाठी अर्ज करणारा अमेरिकन नागरिक आणि वयाने किमान २१ वर्षांचा हवा. तुमच्याकडे स्वतःचं नुसतं ग्रीन कार्ड असेल तर आईवडिलांना बोलावता येत नाही. नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक कोटा नाही, त्यामुळे नोकरीच्या ग्रीन कार्डासारखी वर्षानुवर्षांची रांग इथे नाही. पण एका अर्जात दोघं बसत नाहीत: आईचा आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज) वेगळा, बाबांचा वेगळा, फीसुद्धा दोनदा. २०२४ च्या एप्रिलपासून ती ऑनलाइन ६२५ आणि कागदावर ६७५ डॉलर आहे. भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा. आणि घरात अविवाहित धाकटा भाऊ असला तरी तो या अर्जाच्या मागून येत नाही. बाबांना कार्ड मिळाल्यावर ते त्याच्यासाठी अर्ज करू शकतात, पण तो अविवाहित असेपर्यंतच. त्याचं लग्न झालं की तो अर्ज रद्द होतो, आणि रांग लांबच लांब असते. धाकट्याचं स्थळ बघणं या आशेवर थांबवू नका.

आता कागद. पहिला कागद आईबाबांचा नाही, तुमचा आहे: तुमचा जन्मदाखला. तुम्ही त्यांचं अपत्य आहात हे त्यावरून सिद्ध होतं. आईच्या अर्जाला त्यावर आईचं नाव हवं. बाबांच्या अर्जाला त्यावर बाबांचं नाव आणि सोबत दोघांच्या विवाहाचा दाखला हवा. सत्तर-ऐंशीच्या दशकातले नगरपालिकेचे दाखले काढून बघा. पुष्कळांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, आईचं नाव एखाद्या अक्षराने चुकलेलं असतं, कधी आडनावच नसतं. जिथे नोंद झाली त्याच निबंधकाकडे अर्ज करून नाव घालून घेता येतं, चूक दुरुस्त करता येते. हे काम अमेरिकेतून फोनवर होत नाही. भारतवारीच्या पहिल्या आठवड्यात हेच हाती घ्या, शेवटच्या आठवड्यात नको.

आईबाबांचे जन्मदाखले हा पुढचा टप्पा, व्हिसाच्या वेळचा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद सापडेलच असं नाही. नोंद नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा, त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा, आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची दोन प्रतिज्ञापत्रं करायची. आत्या, मामा, थोरला भाऊ, जे हयात आहेत त्यांच्याकडून ती आजच करून घ्या. आज नव्याने नोंद करून नवाकोरा दाखला आणणं हा सोपा मार्ग वाटतो, पण जन्मानंतर साठ-सत्तर वर्षांनी झालेली नोंद पाहून अधिकारी जुना पुरावा मागतोच. मग तो जुना पुरावाच आधी गोळा का करू नये?

माझ्या आईचा शाळेचा दाखला समोर ठेवून सांगते. त्यावर नाव आहे माहेरचं, पहिलं नावसुद्धा माहेरचं, कारण लग्नात तिचं नावच बदललं. जन्मतारीख १ जून. तेव्हा शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी सरसकट १ जून लिहीत, त्यामुळे त्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. पासपोर्टवर सासरचं नाव, सासरचं आडनाव. महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला हे दोन कागद दोन वेगळ्या बायकांचे वाटतील, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून दोन नावांना जोडणारा कागद लागतो: लग्नपत्रिका, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात असेल तर ती, आणि “या दोन्ही नावांची व्यक्ती मीच” असं आईचं प्रतिज्ञापत्र. तारखेचंही तसंच. पासपोर्टवर जी तारीख आहे तीच सगळीकडे लिहा. घरातल्या जुन्या वहीत किंवा पत्रिकेत खरी तारीख वेगळी सापडली म्हणून ऐन वेळी बदलायला जाऊ नका.

विवाहाचा दाखला बहुतेक आईबाबांकडे नसतोच. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली जुन्या लग्नाचीही नोंद आज करता येते. लग्नपत्रिका, लग्नातला एखादा फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही एवढं साधारणपणे मागतात. गुरुजी हयात नसतील तर त्याबद्दल काय चालेल ते कार्यालयात आधीच विचारून ठेवा. सगळे कागद मराठीत असतील तर प्रत्येकाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर करा, शिक्क्यावरच्या आणि समासातल्या मजकुरासकट. खाली भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे असं लिहून सही करावी.

आय-१३० मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणाऱ्या अमेरिकन सरकारी कार्यालयाकडे, जाते. तिथे माणशी ३२५ डॉलर व्हिसाची फी आणि १२० डॉलर आर्थिक हमी तपासण्याची फी असते. मग डीएस-२६० हा व्हिसाचा लांबलचक फॉर्म येतो. त्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतात. बाबा बँकेत किंवा सरकारी खात्यात असतील तर बदल्यांचा हिशेब करायला एक निवांत दुपार लागते: परभणीला किती वर्षं, मग वर्धा, मग चिपळूण, क्वार्टरचा पत्ता काय होता. हे फोनवर तुटक तुटक विचारू नका. सोबत बसा, वही घ्या, जुनी सेवापुस्तिका काढा. बाबांनी आखातात वर्षभराहून जास्त काळ नोकरी केली असेल तर तिथलाही पोलिसांचा दाखला लागतो, आणि तो मिळायला वेळ जातो. भारताचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो.

आर्थिक हमीचा फॉर्म म्हणजे आय-८६४. त्यात तुमचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. घरात किती माणसं हे मोजताना नवरा-बायको, मुलं आणि येणारे आईबाबा सगळे धरायचे. नवरा-बायको, दोन मुलं आणि आईबाबा अशा सहा जणांना २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ५३,९३७ डॉलर लागतात. तक्ता दरवर्षी बदलतो. कमी पडत असेल तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो. किंवा मालमत्ता दाखवता येते, पण आईवडिलांच्या बाबतीत ती तुटीच्या पाचपट हवी. सहहमीदार म्हणून मित्राला गळ घालण्याआधी त्याला स्पष्ट सांगा की हमी एका वर्षाची नाही. आईबाबा नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाही होईपर्यंत, किंवा ते कार्ड सोडून कायमचे परत जाईपर्यंत ती चालू राहते. भिडेखातर सही घेऊ नये, देऊही नये.

वैद्यकीय तपासणीबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते. आईला किंवा बाबांना पूर्वी क्षयरोग झाला असेल, किंवा फुप्फुसावर जुना डाग असेल, तर सगळे जुने एक्स-रे आणि उपचारांचे कागद शोधून ठेवा. तपासणीत एक्स-रेवर काही दिसलं की थुंकीचे नमुने घेतात आणि त्यांच्या कल्चरचा (नमुन्यात जंतू वाढतात का, या चाचणीचा) अहवाल यायला दोनेक महिने लागतात. जुनी फिल्म सोबत असली तर निदान डाग नवा की जुना हे डॉक्टरांना ताडून बघता येतं. तोवर विमानाची तिकिटं काढू नका, पुण्याचं घरही भाड्याने देऊ नका.

मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये होते. मराठीतून बोलता येतं, हे आईला आधीच सांगा, म्हणजे आठवडाभर इंग्रजी वाक्यं पाठ करणं थांबेल. मूळ कागद सोबत हवेत. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा बाहेर थांबायला कुणीतरी असू द्या. प्रश्न साधे असतात: मुलगा काय करतो, किती मुलं, पूर्वी किती वेळा गेलात. उत्तर डीएस-२६० शी जुळायला हवं, म्हणून भरलेल्या फॉर्मची छापील प्रत दोघांनी आदल्या दिवशी वाचावी.

“आईबाबा इथे आलेलेच आहेत तर इथेच अर्ज करू का?” हा प्रश्न मला सतत विचारतात. कायद्याने नागरिकाच्या आईवडिलांना तशी वाट आहे. पण मनात ग्रीन कार्ड ठेवून पर्यटक व्हिसावर येणं आणि विमानतळावर फिरायला आलो असं सांगणं ही खोटी माहिती ठरू शकते, आणि त्याचे परिणाम जन्मभर राहतात. इथे आल्यावर खरोखरच परिस्थिती बदलली, कुणी आजारी पडलं, एकजण मागे एकटं राहिलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वकिलाशी बोलून ठरवा. पूर्वी कधी मुदतीपेक्षा जास्त राहिले असतील, व्हिसा खोट्या माहितीच्या कारणावरून नाकारला असेल, अटक झाली असेल किंवा तुम्ही दत्तक असाल, तर पहिला फॉर्म भरण्याआधीच वकील गाठा. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून परत गेलेल्याला तीन वर्षं आणि वर्षभर किंवा जास्त राहिलेल्याला दहा वर्षं प्रवेशबंदी लागू शकते.

व्हिसा हातात आला की कार्डाची २३५ डॉलरची फी निघण्याआधी ऑनलाइन भरा. मग विम्याचं बघा, आणि हे तिकिटाच्या आधी. ६५ वर्षांच्या माणसालाही मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायला पाच वर्षं सलग वास्तव्य लागतं. तोवर मार्केटप्लेसवरचा (सरकारी विमा-बाजारातला खासगी) विमा घ्यावा लागतो आणि या वयात तो स्वस्त नसतो. महिन्याचा आकडा काढून तो आईबाबांसमोर नव्हे, आधी आपसात, नवरा-बायकोत बोला.

कार्ड मिळाल्यावर भारतात सलग सहा महिन्यांहून जास्त राहणं शक्यतो टाळा. वर्षापेक्षा जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, पुनर्प्रवेश परवान्यासाठी आय-१३१ भरायचा. तो दोन वर्षांपर्यंतचा मिळतो. विमानतळावर कुणी आय-४०७ वर सही करायला सांगितली, तर तो कार्ड सोडल्याचा फॉर्म आहे हे आईबाबांना आजच समजावून ठेवा. ती सही ऐच्छिक असते. न्यायाधीशापुढे बाजू मांडायचा त्यांना हक्क आहे.

पैशाची बाजू हातावेगळी करूनच त्यांना विमानात बसवा. ग्रीन कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या करपत्रकात दाखवावं लागतं: पेन्शन, सहकारी बँकेतल्या ठेवींचं व्याज, फ्लॅटचं भाडं. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचा, कर लागो वा न लागो. साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्या. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, वाढवता येत नाही. आणि बाबा सरकारी पेन्शनर असतील तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला अमेरिकेतून कसा पाठवायचा, हे त्यांच्या बँकेच्या शाखेत त्यांना सोबत घेऊन आत्ताच विचारून या.