वृद्धाश्रमात जपण्याच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

पलंगाचे कठडे दोन्ही बाजूंनी वर केले की रात्रपाळीची माणसं निर्धास्त होतात. आजोबा आता पडायचे नाहीत. पण आजोबांना लघवीला जायचंय, बेल हाताला लागत नाही आणि कठड्यावरून पाय टाकण्याइतकी उमेद अंगात आहे. नुसते पलंगावरून घसरले असते तर हातभर उंचीवरून पडले असते. कठड्यावरून पडतात ते कमरेच्या उंचीवरून, कधी थेट डोक्यावर. गादी आणि कठडा यांच्यामधल्या फटीत मान किंवा छाती अडकून माणसं गुदमरल्याच्याही घटना घडलेल्या आहेत.

वृद्धाश्रमातल्या हलगर्जीपणाबद्दल पुष्कळ बोललं जातं, आणि ते खोटं नाही. पण मी जवळून पाहिलेले बरेचसे अपघात आळसातून झाले नव्हते. कुणीतरी मनापासून जपत होतं, म्हणून झाले होते. अशा चुका पकडणं अवघड जातं, कारण करणाऱ्याला आपण चुकतोय असं वाटतच नाही.

"उठू नका, पडाल"

हे वाक्य दिवसातून पन्नासदा ऐकू येतं. म्हातारपणी आठवडाभर अंथरुणात काढला तरी मांड्यांमधला जोर ओसरतो. बसवून ठेवलेल्या आजी महिन्याभराने खरोखरच लटपटतात, आणि मग बसवून ठेवलं ते बरंच केलं असं सगळ्यांना वाटू लागतं. खुर्चीला पट्ट्याने बांधणं तर त्याहून वाईट. पडणं थांबेलच याची खात्री नाही, उलट सुटायच्या धडपडीत जास्त लागतं.

त्यापेक्षा पलंग जाईल तितका खाली न्या. बेल उशाशी नको, हातात येईल अशी ठेवा. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असू द्या, आणि चपला मागून पट्टा असलेल्या हव्यात. सर्वात महत्त्वाचं म्हणजे पडल्याची नोंद नीट लिहा. "आजी पडल्या, जखम नाही" ही नोंद नव्हे, ती सुटका आहे. किती वाजले होते, कुठे निघाल्या होत्या, पायात काय होतं, आधीच्या दोन-तीन तासांत कोणती गोळी दिली होती, हे सगळं त्यात यायला हवं. एका आजींच्या तीन नोंदी आम्ही शेजारी-शेजारी मांडल्या, तर तिन्ही रात्री नऊ ते अकराच्या दरम्यानच्या आणि तिन्ही बाथरूमच्या वाटेवरच्या निघाल्या. लघवी जास्त होण्याची गोळी त्यांना संध्याकाळी सातला दिली जात होती. डॉक्टरांना विचारून ती सकाळी हलवली.

उठल्यावर चक्कर येत असेल तर पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना कळवायलाच हवं.

खलबत्त्यातल्या गोळ्या

गिळता येत नाही म्हणून सगळ्या गोळ्या एकत्र कुटून चमच्याने देणं ही मायेची चूक. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी तासन्तास हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात भिनतो. पातळ औषध मिळतं का, हे डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. आणि गोळी अडकते तिथे घासही अडकत असणार, हे लक्षात घ्या.

भरवताना पाठ सरळ हवी, मान मागे झुकलेली नको, आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. जेवणानंतर निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवा. ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. अन्न काहीच आवाज न करताही श्वासनलिकेत उतरतं. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, गुरगुरल्यासारखा येत असेल तर सावध व्हा. तोंड आणि कवळी रोज स्वच्छ करा, कवळी रात्री काढून ठेवा. न्यूमोनिया टाळण्यात याचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

लाल डाग चोळू नका

माकडहाडावर लाली दिसली की तेल लावून चोळायचा मोह होतो. आतल्या पेशी आधीच दाबाने दुखावलेल्या असतात, त्या चोळल्याने आणखी फाटतात. बोटाने दाबून पाहा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या कातडीवर रंग फसवतो, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, गार, घट्ट किंवा दुखरी जागा शोधावी लागते. मध्ये भोक असलेली रबरी रिंग वापरू नका, कडेने दाब वाढतो. टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी द्या.

एअर मॅट्रेस आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. आणि कूस बदलल्याच्या तक्त्यावर दहा, बारा, दोन, चार अशा सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या दिसल्या, तर कागद बाजूला ठेवून पाठ बघा.

अंघोळीच्या पाण्याचं थोडक्यात सांगतो. 60 अंश सेल्सिअसचं पाणी धडधाकट कातडीलाही पाचेक सेकंदांत भाजतं. पण टाकीतलं पाणी कोमट ठेवलं तर न्यूमोनिया करणारे लेजिओनेला जिवाणू वाढतात. म्हणून टाकी गरम आणि नळापाशी गरम-गार पाणी मिसळून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह, तोही थर्मामीटरने तपासलेला.

"शांत राहायची गोळी द्या"

कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज अचानक ओरडू लागले, नातवाला ओळखेनासे झाले, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. लघवीतला जंतुसंसर्ग, कमी पाणी, दुखणं, नवं औषध, कधी नुसती संपलेली श्रवणयंत्राची बॅटरी, यांपैकी काहीही असू शकतं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारावरच्या काही गोळ्या दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 सालीच दिला आहे. एका आजोबांनी ताट भिरकावलं तेव्हा झोपेची गोळी मागवली गेली होती. सिस्टरने ती थांबवून वहीची मागची पानं चाळली. सलग चार दिवस कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "शौच नाही."