शीळकरी कस्तूर हा पक्षी शोधताय? या चुका टाळा

पहिली चूक माझीच सांगतो. नाशिकजवळच्या अंजनेरीला पावसात पहाटे शीळ ऐकली आणि मी मागे वळून "कोण रे?" म्हणून ओरडलो. कोणीच नव्हतं. दप्तर हलवत, अर्धवट पाठ असलेलं गाणं शिट्टीत मारत एखादं पोरगं चाललंय असंच वाटतं, सूर मधेच घसरतो आणि परत भलतीकडूनच सुरू होतो. इंग्रजांनीपण याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा असंच नाव ठेवलंय.

दुसरी चूक म्हणजे उशीर. सातला नाशिक सोडायचं, वाटेत मिसळ, मग दहाला पायथा, तोवर मैफल आटोपलेली. नंतर दिवसा अधूनमधून गातो पण खरं गाणं झुंजूमुंजूलाच. आणि हिवाळ्यात जाऊन "गातच नाही राव" म्हणू नका, तेव्हा बहुतेक नुसतं तीक्ष्ण 'क्रीऽऽ' ऐकू येतं.

झाडांचे शेंडेच बघत बसलात तर मान दुखेल फक्त. ओहोळाकाठचे ओले दगड बघा. मला दिसला तेव्हा तो चोचीत छोटा खेकडा धरून दगडावर आपटत होता, दोन-तीनदा हातचा सुटला, परत धरला, आपटणं चालूच, मी अगदी पंधरा फुटांवर होतो तरी त्याचं लक्ष सगळं खेकड्यात.

सावलीत तो काळाच दिसतो म्हणून लोक कोकीळ म्हणून मोकळे होतात. चोच बघा. नर कोकिळाची फिकट हिरवट आणि डोळे लालभडक, याची चोच काळी, पायही काळे. मान वळवली आणि उजेड पडला की कपाळ आणि खांदा एकदम चमकदार निळा. पिल्लू जरा मोठं झालेलं असलं तर कपाळावर ते निळं नसतं, रंग तपकिरीकडे, तिथे गडबड होते. थंडीत किल्ल्यांच्या कड्यावर ताठ बसलेला मळकट निळा पक्षी दिसला तर तो निळा शैलकस्तूर, हिवाळी पाहुणा, याच्यापेक्षा लहान.

धबधब्याशेजारी उभं राहून अ‍ॅपला आवाज ओळखायला लावू नका, पाण्याच्या खळखळाटात ते बिचारं काय ओळखणार, वळणापलीकडे जाऊन रेकॉर्ड करा.

आणि मोबाईलवर त्याचंच गाणं लावून बोलवायचं तर अजिबात नाही. याची वीण पावसाळ्यातच असते, घरटं पाण्याजवळच्या कपारीत, शेवाळ-मातीचं. दुसरा नर घुसला समजून तो तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो आणि तिकडे पिल्लं उपाशी.