पॅरिसमध्ये दोघांचा आठवडा: या चुका टाळा

पॅरिससाठी सात दिवस पुरतात. तरीही कितीतरी जोडपी लूव्रचा काचेचा पिरॅमिड बाहेरूनच पाहून परततात. कारण बहुतेकदा एकच असतं: बेत तारखांवर आखलेला असतो, वारांवर नाही. या शहरात कोणतं दार कोणत्या वारी बंद, कोणतं रात्रीपर्यंत उघडं, प्रवासाचा पास कोणत्या वारी सुरू होतो, हे सगळं ठरलेलं आहे. विमानाचं तिकीट काढण्याआधी ते कागदावर मांडा.

सोमवार-मंगळवारची गल्लत

लूव्र आणि ऑरांजरी ही संग्रहालयं मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. लूव्र बंद असल्यामुळे मंगळवारची गर्दी व्हर्सायकडे वळते, आणि शनिवार-रविवारी तिथे बागेतली कारंजी पाहायला स्थानिक लोकही येतात. म्हणून व्हर्सायला बुधवार ते शुक्रवार यातलाच एक दिवस द्या. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. या संध्याकाळच्या वेळा सोन्यासारख्या आहेत, कारण सहलींच्या बस तोवर निघून गेलेल्या असतात.

आधुनिक कलेचं पोंपिदू केंद्र २०२५ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे आणि २०३० मध्ये उघडायचं आहे. जुन्या याद्यांमध्ये ते अजून दिसतं, तिथे पाय झिजवू नका.

मे महिन्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. आपला महाराष्ट्र दिन, १ मे, तिथे कामगार दिन असतो आणि लूव्र, ओर्से, व्हर्साय तिन्ही बंद असतात. ८ मेलाही सार्वजनिक सुट्टी असते.

सोमवारी सकाळी उतरणार असाल तर हा क्रम जमतो. सोमवारी फक्त सेन नदीकाठी फिरणं आणि नोत्र-दाम चर्च. मंगळवारी सकाळी आयफेल. बुधवारी दुपारनंतर लूव्र. गुरुवारी आराम आणि संध्याकाळी ओर्से. शुक्रवारी व्हर्साय. शनिवारी सकाळी लवकर मोंमार्त्रची टेकडी, मग सँत-शापेल हे जुनं चर्च. रविवारी मारे भाग, कारण शहरातली इतर बरीच दुकानं बंद असताना तिथली उघडी असतात.

पहिल्या संध्याकाळचं आरक्षण

उतरल्या दिवशीच रात्री नऊची बोटीतली सफर आणि जेवण आरक्षित करणं ही जोडप्यांची ठरलेली चूक. उन्हाळ्यात पॅरिस भारताच्या साडेतीन तास मागे असतं. तिथले रात्रीचे नऊ म्हणजे तुमच्या शरीराचे रात्रीचे साडेबारा, तेही विमानातल्या अर्धवट झोपेनंतर. शिवाय जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिव्यांसाठी पैसे मोजून बरीचशी सफर उजेडातच होते. ही सफर चौथ्या-पाचव्या दिवशी ठेवा. उलट पहिले दोन दिवस पहाटे आपोआप जाग येते, त्याचा उपयोग करून सकाळची पहिली वेळ घ्या.

आणि पॅरिसला थेट न जाता फ्रँकफर्ट किंवा ॲम्स्टरडॅमला विमान बदलणार असाल, तर शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत शिरतानाची, तपासणी तिथेच होते. ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे रांग लांबू शकते. मध्ये दोन तासांपेक्षा कमी वेळ असलेलं तिकीट घेऊ नका.

नाविगो पास: सात दिवस म्हणजे कोणतेही सात नव्हेत

नाविगो हे पॅरिसच्या मेट्रो-बसचं कार्ड. त्याचा साप्ताहिक पास सोमवार ते रविवार चालतो, घेतल्या दिवसापासून सात दिवस नाही. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच मिळतो, शुक्रवारपासून पुढच्या आठवड्याचा. किंमत सुमारे ३२ युरो, त्यात विमानतळ आणि व्हर्सायही आलं. विमानतळाचं एकेरी तिकीटच १३-१४ युरो आणि मेट्रोचं सुमारे अडीच युरो असल्यामुळे सोमवार ते बुधवार उतरणाऱ्यांना पास फायद्याचा पडतो. शुक्रवारी किंवा शनिवारी उतरणाऱ्यांनी प्रत्येकी एक नाविगो ईझी कार्ड घेऊन त्यात लागतील तशी तिकिटं भरावीत. एका ईझी कार्डावर दोघांना जाता येत नाही. पहिला जाऊन कार्ड मागे दिलं, तर तपासनीस दुसऱ्याला विनातिकीट धरतो.

साप्ताहिक पासच्या ५ युरोच्या कार्डावर अडीच बाय तीन सेंटिमीटरचा फोटो चिकटवून नाव लिहावं लागतं. फोटो घरूनच कापून न्या. फोटो नसलेल्या कार्डावर पास भरलेला असला तरी दंड होतो.

मेट्रोचं तिकीट बसला चालत नाही, बसचं मेट्रोला चालत नाही. मेट्रोतून बाहेर पडलात की ते तिकीट संपलं.

आयफेलचं तिकीट संपलं असेल तर

लिफ्टची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर ६० दिवस आधी खुली होतात, आणि शेंड्याची लवकर संपतात. पर्यटक नेमके व्हिसा हातात पडायची वाट पाहत बसतात. व्हिसाला वेळ लागणारच, म्हणून अर्ज लवकर करा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

तिकीट हुकलंच, तर दुप्पट पैसे मागणाऱ्या दलालाकडे जायची गरज नाही. जिन्याची तिकिटं १४ दिवस आधी खुली होतात. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत, जिन्याने वर जाऊन तिथून शेंड्यापर्यंत लिफ्ट असंही एक तिकीट असतं. गुडघे नको म्हणत असतील तर पाहणीची जागाच बदला. आर्क द त्रियाँफ या विजयकमानीच्या गच्चीवर २८४ पायऱ्यांनी जाता येतं, आणि खरं सांगायचं तर तिथलं दृश्य जास्त चांगलं, कारण त्यात आयफेल दिसतो. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं टॉवर लुकलुकतो. ते पाहायला समोरच्या ट्रोकाडेरो चौकाची पायरी पुरते, तिकीट लागत नाही.

लूव्रमध्ये काय चुकतं

मेट्रोचं नाव पाहून लोक लूव्र-रिव्होलीला उतरतात. दाराजवळचं स्थानक आहे पाले रोयाल-म्युझे द्यु लूव्र. तिथून भुयारी मार्गाने थेट कारूझेलच्या प्रवेशद्वाराशी जाता येतं आणि उन्हापावसात पिरॅमिडपुढे उभं राहावं लागत नाही. वेळेचं आरक्षण मात्र हवंच. बऱ्याच संग्रहालयांचा एकत्रित म्युझियम पास घेतला असला तरी लूव्र, व्हर्साय आणि सँत-शापेलची वेळ वेगळी नोंदवावी लागते, हे न केल्यामुळे पास खिशात असून माणसं परत फिरतात. जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पाहुण्यांना लूव्रचं तिकीट ३२ युरोला आहे, तेव्हा जुन्या दरावर हिशेब मांडू नका.

मोनालिसा देनों विभागात, ७११ क्रमांकाच्या दालनात आहे. आधी ती पाहा, मग दोन विभाग निवडा आणि तीन-साडेतीन तासांत थांबा. शेवटच्या दिवशी हॉटेल सोडून सामानासकट येऊ नका. ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत घेत नाहीत.

मेट्रोतली ताटातूट

एक डब्यात, दुसरा फलाटावर आणि दार बंद. इथे दोघंही हलले की गोंधळ वाढतो. नियम आधीच ठरवा: चढलेल्याने पुढच्याच स्थानकावर उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने यायचं. तिकिटं, हॉटेलचा पत्ता आणि पासपोर्टची प्रत दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, फॉरेक्स कार्डंही दोघांकडे वेगवेगळी. दाराजवळ उभं राहून फोन पाहू नका, दार बंद होता होता तो हिसकावला जातो.

मोंमार्त्रला आबेस स्थानकात लिफ्टच घ्या, ते जमिनीखाली ३६ मीटरवर आहे. वर साक्रे-कर चर्चबाहेर कुणी मनगटाला दोरा बांधू लागलं, तर हात खिशात घालून चालत राहा.

प्रेमाचं कुलूप घरीच ठेवा. २०१४ मध्ये पोँ दे झार या पुलाचा कठडा कुलपांच्या भाराने कोसळला आणि पुढच्या वर्षी महापालिकेने सगळी कुलपं काढून टाकली.

शाकाहारी जेवण

इथे सर्वांत जास्त फसगत होते. कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या रश्श्यात शिजतं. किश लोरेन या खाऱ्या पाईमध्ये डुकराचं मांस, ‘कॉम्प्लेत’ गालेत या खाऱ्या धिरड्यात हॅम. बऱ्याच थंडगार मिठायांत जिलेटिन आणि गोड धिरड्यात, म्हणजे क्रेपमध्ये, अंडं असतं. फक्त ‘व्हेज’ म्हणू नका. ‘साँ व्हियाँद, साँ प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नको, असं सांगा.

मारे भागातल्या रु दे रोझिए रस्त्यावरचं फलाफल पोटभरीचं आणि स्वस्त, पण तिथली बरीच ज्यू दुकानं शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारभर बंद असतात. गार द्यु नोर स्थानकाच्या मागे ला शापेल भागात श्रीलंकेतल्या तमिळ लोकांच्या खानावळी आहेत, तिथे डोसा मिळतो. दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं सातनंतर. मधल्या वेळी अनेक स्वयंपाकघरं थंड असतात. आत शिरताना ‘बाँझूर’ म्हणायला विसरू नका. ते न म्हणणं तिथे उद्धटपणा मानतात, आणि वागणूक तशीच मिळते. ‘काराफ दो’ मागितलं की नळाचं पाणी फुकट येतं.

पैसे आणि परतीचा दिवस

कार्डयंत्राने रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. आयफेलच्या तिकिटासाठी यूपीआय २०२४ पासून चालतं, पण सगळीकडे चालेल असं धरून जाऊ नका.

एकाच दुकानातून तीन दिवसांत १०० युरोंपेक्षा जास्त खरेदी केली, तर पासपोर्ट दाखवून ‘देताक्स’चा फॉर्म मागा, कराचा काही भाग परत मिळतो. पॅरिसहून थेट परतत असाल तर विमानतळावर तो पाब्लो यंत्रावर स्कॅन करायचा, आणि तेही सामान चेक-इन करण्याआधी. वस्तू दाखवायला सांगितल्या आणि बॅग आत गेलेली असली, तर परतावा गेला. त्यासाठी किमान एक तास जास्तीचा धरून निघा.