टर्बो गाडीचा मॅप बदलण्याआधी इंधनाचा दाब मोजा
टर्बो किंवा सुपरचार्जर बसवलेल्या गाडीला बाहेरचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जोडल्यावर लगेच त्याच्या मॅपमधील, म्हणजे कोणत्या स्थितीत किती इंधन द्यायचे या तक्त्यातील, इंधनाचे आकडे वाढवू नयेत. आधी रेलमधील, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतील, दाब मोजावा. त्यासाठी लागणारा गेजचा जोड कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागीर नीट बसवून देतात. इंधनाचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची नळी मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाला) जोडलेली असेल, तर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) जितका चढेल तितकाच रेलमधील दाबही चढला पाहिजे. म्हणजे मूळ दाब ३ बार आणि बूस्ट ०.७ बार असताना गेजवर ३.७ बार दिसायला हवेत. भार असताना काटा अडखळला किंवा खाली आला, तर पंप, फिल्टर किंवा पंपाची वायरिंग कमी पडते आहे, आणि हा दोष मॅपमध्ये आकडे वाढवून झाकल्यास पिस्टन जळण्याचा धोका राहतो. ही तपासणी डायनोवरच (गाडी जागेवर भाराखाली चालवून मोजणाऱ्या यंत्रावर) करावी, रहदारीच्या रस्त्यावर कधीही नाही.

हवा-इंधनाचे मिश्रण एक्झॉस्टमधील वाइडबँड सेन्सरवर लॅम्डामध्येच (हवा आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे त्या आकड्यात) वाचावे, कारण ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचे हवा-इंधनाचे आदर्श प्रमाण १४.७ नसून १३.५ च्या आसपास असते. पूर्ण बूस्टला ०.८० च्या जवळपासचा लॅम्डा सुरुवातीला योग्य ठरतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा कमी असतो. साध्या वेस्टगेटची (बूस्टला मर्यादा घालणाऱ्या झडपेची) गाडी गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेली, की मॅनिफोल्डमधील निरपेक्ष दाब (वातावरणाचा दाब अधिक बूस्ट) येथल्यापेक्षा वर जातो. म्हणून मॅपमधील येथे गाठल्या जाणाऱ्या दाबापुढच्या ओळीही रिकाम्या किंवा अंदाजाने भरलेल्या ठेवू नयेत.